उचललेला भंडारा

एखाद्या माणसाबद्दलचं तुमचं मत चुकीचं होतं, हे कळल्यावर तुम्ही त्याच्या दारात जाऊन तसं सांगितलं होतंत, की मनातल्या मनात मत बदललं आणि गप्प बसलात? मी हे उगाच विचारत नाही. मी ज्या गावात वाढले तिथं त्या वर्षी थंडी पडेपर्यंत जवळजवळ सगळ्यांनी आपलं मत बदललं होतं, आणि तरीही एक बाई मेली.

आमचं गाव कडेगावच्या बाजूचं. बाकीच्यांच्या सोप्यात बैलांचं सामान किंवा धान्याची कणगी असायची, आमच्या सोप्यात छापखाना होता. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पायानं चालवायचं एक जुनं यंत्र साताऱ्याहून बैलगाडीत घालून आणलं होतं. ते चाललं की भिंतीतल्या कोनाड्यातली चिमणी थरथरायची आणि आईला माजघरातून काही सांगायचं असलं की ओरडावं लागायचं. लग्नाच्या पत्रिका, जत्रेतल्या कुस्त्यांची जाहिरात, बियाण्याच्या दुकानाची पावती, यावर घर चालायचं. पण आण्णांचा जीव पत्रकांत. दारूविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, साखर कारखान्यातल्या वशिल्याविरुद्ध, ग्रामपंचायतीनं बुजवलेल्या गटाराविरुद्ध सुद्धा. ओली पत्रकं अंगणातल्या दोरीवर आईच्या लुगड्यांशेजारी वाळायची. बिघडलेल्या कागदांवर चूल पेटायची, त्यामुळे आमच्या भाकरीला शाईचा वास असायचा आणि मला तो वास भाकरीचाच वाटायचा. मी अक्षरं शिकले ती छपाईच्या शिशाच्या खिळ्यांवरून, म्हणजे उलटी. पहिलं सलग वाक्य वाचलं ते ‘बंधूंनो, किती दिवस झोपणार?’ असं होतं. आई मेढ्याकडची, डोंगरातली, भात खाऊन वाढलेली. तिला या कोरड्या मुलखाचा आणि पत्रकांचा सारखाच कंटाळा. ती म्हणायची, “हे बंधू तर झोपत्यात गुमान. झोपायची सोय न्हाई ती आमची.”

मॅट्रिकच्या वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. मी आणि पद्मा चौगुले. तिचे वडील भूपालकाका गावातले वाणी. रेशनचं दुकानही त्यांच्याकडंच. जैनांचं गावात ते एकच घर. पद्माचं इंग्रजी माझ्यापेक्षा पुष्कळ चांगलं, म्हणून संध्याकाळी मी त्यांच्या दुकानामागच्या खोलीत अभ्यासाला जाई. दिवेलागणीच्या आत त्यांचं जेवण उरकायचं. तिची आई, सुलोचनाकाकू, मलाही पानावर बसवायची आणि शेंगदाण्याच्या चटणीवर इतकं तेल घालायची की आमच्या घरी त्यात आठवड्याची फोडणी झाली असती.

आमचे हेडसर परीक्षेसाठी इंग्रजी वाक्प्रचार लिहून घ्यायचे. एक दिवस त्यांनी निर्णय बदलण्याचे घेतले. ‘टु हॅव सेकंड थॉट्स’, ‘अ चेंज ऑफ हार्ट’, ‘टु कम राउंड’, ‘टु ईट वन्स वर्ड्स’. फळा भरला. मग म्हणाले, “आता मराठीत सांगा.” पोरं सुटलीच.

“शब्द फिरवणं!”

“पलटी मारणं!”

“शेपूट घालणं, सर!”

“थुंकलेलं चाटणं!” मागच्या बाकावरून आलं आणि वर्ग हसून लोळला. हेडसरही हसले, पण डस्टर आपटून म्हणाले, “अरे गड्यांनो, माणूस विचार करून चांगल्यापायी मत बदलतो, तसलं एक तरी सांगा की रं.” पद्मानं हात वर केला. “सर, इंग्रजीत तरी कुठं सगळे चांगले आहेत? त्या शेवटच्यात आपलेच शब्द गिळायचेत.” हेडसर म्हणाले, “गिळायचे तर गिळायचे. उपाशी मरण्यापेक्षा बरं.” पुढं आयुष्यभर मी शब्दकोश चाळत आले. ‘उपरती होणं’ हा सुंदर प्रयोग मला नंतर भेटला. पण तो मी आमच्या गावात कुणाच्या तोंडून ऐकला नाही. ‘मन वळवणं’ मात्र सगळ्यांना ठाऊक होतं, कारण त्यात वळायचं असतं ते दुसऱ्याचं मन.

त्या वर्षी पाऊस झाला नाही. जोंधळा गुडघ्याएवढा होऊन करपला. घरोघर हुलग्याचं माडगं शिजायला लागलं, आणि गावाचे डोळे रेशनच्या दुकानाकडं लागले. भूपालकाका रोज सांगत, “धान्य आलं न्हाई. आलं की वाटतो.” अशात दसऱ्याच्या सुमाराला दिवस मावळताना त्यांच्या दुकानामागं एक ट्रक उभा राहिलेला लोकांनी पाहिला. पोती आत जात नव्हती, बाहेर येत होती. ट्रक भरला आणि निघून गेला. भूपालकाकांना विचारायला गेलेल्यांना ते म्हणाले, “ती खाण्याजोगी नव्हती. सरकारी माल, परत गेला.” कुणाचा विश्वास बसला नाही. आण्णांचाही बसला नाही. सकाळी यंत्र सुरू झालं ते दुपारपर्यंत थांबलं नाही. ‘गावाच्या तोंडचा घास कोणी विकला?’ असं मथळ्यात मोठ्या खिळ्यांनी जुळवलं होतं. नाव छापलं नव्हतं, पण गावात रेशनचं दुकान एकच होतं.

दिवेलागणीला गाव खंडोबाच्या देवळापुढं जमलं. गावातल्या विधवा हौसाबाईचा एकुलता एक मुलगा तानाजी पलटणीतून रजेवर आला होता. खाकी पॅंट, तेल लावलेले केस, आवाज परेडचा. त्यानं देवापुढच्या ताटातली हळद मुठीत घेतली आणि म्हणाला, “आमी थिकडं बर्फात उभं ऱ्हायचं, आन् हितं आमच्या आयांनी माडगं प्यायचं? भूपाल वाण्याच्या उंबऱ्याला ह्यो पाय लागणार न्हाई. दूध न्हाई, पाणी न्हाई, गाडी न्हाई!” त्यानं भंडारा उचलल्यावर एकेका घरातल्या कर्त्यानं उचलला. आमच्याकडं भंडारा उचलून घेतलेली आण मोडली की घराचा वंश बसतो, म्हणजे खुंटतो, असं मानायचे. आण्णांनी उचलला नाही. त्यांचा देवावर विश्वास नव्हता. ते पायरीखाली उभे राहून म्हणाले, “मी देवाचा न्हाई, पर तुमचा हाय.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. आज विचार करते तेव्हा वाटतं, त्या गर्दीत एकच हात रिकामा होता, आणि बाकीचे सगळे हात त्यानंच वर करवले होते.

दुसऱ्या दिवसापासून चौगुल्यांच्या दारातून माणसं नाहीशी झाली. न्हावी येईना, दूधवाली येईना. लोक रेशनसाठी शेजारच्या गावाला चालत जाऊ लागले. त्यांच्या परसात आड होता म्हणून पाणी तरी मिळे; तेही गढूळ, तळाचं. पद्मा शाळेत यायची थांबली. तिच्या बाकावर पोरांनी हळद टाकून ठेवली होती. तानाजीची रजा मध्येच रद्द झाली, सीमेवर काहीतरी पेटणार असं रेडिओ सांगत होता. तो गेला तेव्हा गावानं त्याला फाट्यापर्यंत वाजतगाजत पोचवलं.

नंतर आण्णा कागद आणायला सांगलीला गेले. तिथल्या पेठेत चहा पिताना त्यांना तोच ट्रक दिसला. ड्रायव्हरला त्यांनी छाती पुढं काढून विचारलं, आमच्या गावची पोती कुठं विकलीस म्हणून. ड्रायव्हर हसला. “विकतंय कोण? वॅगनीत पाणी शिरलं व्हतं, साहेब. बुरशी धरलीती. त्या वाण्यानंच तालुक्याला कळवलं, हे खाल्लं तर पोरं मरतील म्हणून. सरकारनं परत मागवलं. तुमच्या गावानं त्येच्या पाया पडायला पायजे.” आण्णा तिथून थेट तहसील कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानंही तेच सांगितलं. बदली धान्य अजून वरूनच आलं नव्हतं.

आण्णा घरी आले आणि जेवले नाहीत. आईनं ताट झाकून ठेवलं. तिला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “आता काय करायचं?” आण्णा म्हणाले, “त्याच खिळ्यांनी छापायचं.” आणि त्यांनी खरोखरच त्याच मोठ्या खिळ्यांनी मथळा जुळवला: ‘मी चुकलो.’ खाली सगळी हकीकत, आणि भूपाल चौगुले यांचं पूर्ण नाव. पहिल्या पत्रकात जे नाव घालायचं धाडस केलं नव्हतं ते दुसऱ्यात घातलं. मला त्या दिवसाइतका वडिलांचा अभिमान कधी वाटला नाही. पत्रकं घेऊन मी घरोघर गेले. मला वाटत होतं, संध्याकाळपर्यंत गाव चौगुल्यांच्या दारात असेल.

पहिल्या पत्रकावर गावानं तासाभरात विश्वास ठेवला होता. दुसरं पत्रक लोक उलटून पालटून बघत होते. एकानं हसत विचारलं, “आण्णांना किती दिलं गं वाण्यानं?” दुसरा म्हणाला, “तुजा बाप शेपूट घालणाऱ्यातला न्हवता गं. वय झालं म्हणायचं.” पण सगळेच असे नव्हते, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. पुष्कळांना पटलं. एक म्हातारा पत्रक कपाळाला लावून म्हणाला, “पाप झालं, पोरी. लय मोठं पाप झालं.” मी म्हणाले, “मग चला ना, आजोबा.” त्यानं मान हलवली. “भंडारा उचललाय.”

आण्णा आणि मी गावच्या पाटलांकडं, बाबूरावांकडं गेलो. तोंडाळ नव्हता तो माणूस, वाईटही नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, आम्हाला गुळाचा चहा पाजला. “आण्णा, तुमी म्हणताय ते खरं असंल. खरंच हाय. पर भंडारा उतरवून आण सोडायची म्हंजी उचललेला हरेक हात देवापुढं पायजे. एक जरी कमी पडला तर बाकीच्यांच्या घरावर बसतं.”

“तानाजी नाही, म्हणून अडलंय?”

“व्हय. त्यो रजेवर आला की त्याच दिवशी उतरवू. शब्द देतो.”

“तोपर्यंत त्या माणसानं काय करायचं, पाटील?”

पाटलांनी अडकित्त्यात सुपारी धरली. मग म्हणाले, “जरा कड काढायची.”

आण्णा भूपालकाकांकडंही गेले, मी बरोबर होते. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकताना समोरच्या ओट्यावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. आण्णांनी हात जोडले. भूपालकाकांनी ते खाली करायला लावले नाहीत. आण्णा म्हणाले, “काही दिवस सांगलीला भावाकडं जा. मी सोबत येतो पोचवायला.” काका म्हणाले, “आवं आण्णा, आता गेलो तर चोर म्हणून गेलो. मी का जाऊ? मी काय केलंय?” आतून सुलोचनाकाकूंचा खोकला ऐकू येत होता. पद्मा दारात उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, पण हसली नाही. मी म्हणाले, “लोकांना पटलंय गं. फक्त उतरवायचं राहिलंय.” ती म्हणाली, “पटलंय तर दूध का देत नाहीत?” पत्रकांवर वाढलेल्या मला तोवर वाटत होतं की खरं पटवलं की काम संपलं.

खोकल्याचा ताप झाला. छाती भरून आली. पद्मा भर दुपारी आमच्या छापखान्यात आली, तिला धाप लागली होती. “आईला फाट्यापर्यंत न्यायचंय. ती चालू शकत नाही. गाडी कुणी जुंपत नाही.” आण्णा यंत्र तसंच सोडून उठले. आमच्याकडं बैल नव्हते, कागदाचे गठ्ठे आणायची हातगाडी होती. तिच्यावर आईनं आपली गोधडी अंथरली. सुलोचनाकाकूंना आम्ही निजवलं आणि गावातून निघालो. आण्णा आणि भूपालकाका दांड्याला, मी आणि पद्मा मागून ढकलत होतो. आई काकूंच्या डोक्यावर पदर धरून चालत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. बायका रडत होत्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ज्या म्हाताऱ्यानं पत्रक कपाळाला लावलं होतं त्यानं हात जोडले होते. एक दावणीचा बैल आमच्याकडं बघत रवंथ करत होता आणि त्याची गाडी शेजारीच उभी होती. चढावर हातगाडी मागं येऊ लागली तेव्हा आण्णा ओरडले, “हात लावा रं! कुणीतरी हात लावा!” एकही हात पुढं आला नाही. एस. टी. आली, कंडक्टर परगावचा, त्यानं मात्र काकूंना उचलून घ्यायला मदत केली. सांगलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, काल आणायला हवं होतं. तिरडीला खांदा द्यायला सांगलीचे नातेवाईक होते. गावचे आण्णा एकटेच.

मग पाकिस्तानशी लढाई सुरू झाली आणि संपलीही. ती संपल्याचे पेढे कडेगावात वाटले त्याच आठवड्यात हौसाबाईला तार आली. तानाजी गेला होता. गावाच्या दुःखाला त्या दिवशी काही खोटं नव्हतं. पण तेराव्यानंतर पारावर वेगळंच कुजबुजणं सुरू झालं. एक हात कायमचा कमी पडला होता. पाटील म्हणाले, “आता भंडारा उतरायचा न्हाई. देवाच्या मनात न्हवतं.” मी ते ऐकलं तेव्हा माझ्या जिवाचा संताप झाला. आजही, इतक्या वर्षांनी, हे लिहिताना होतो. ज्यांना आपली चूक कळली होती ते मेलेल्या मुलाच्या हातामागं लपत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाई घरातून निघाली. कपाळ मोकळं आधीपासूनच होतं. आता तिचं सगळंच मोकळं झालं होतं. सगळ्या गावासमोर ती चौगुल्यांच्या दुकानाकडं चालत गेली. कुणीतरी ओरडलं, “हौसाक्का, अगं भंडारा!” ती थांबली. मागं वळून म्हणाली, “वंश बसतोय म्हणं. माजा बसला की! आजून काय बसायचं ऱ्हायलंय?” ती उंबरा ओलांडून आत गेली. भूपालकाका गादीवर नुसते बसून होते. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, “भूपाल, पयला हात माज्या लेकानं घातला. त्यो आता यायचा न्हाई. मी आलीया.” पद्मानं आतून तांब्याभर पाणी आणून तिच्यापुढं ठेवलं. ते तिनं प्यायलं. आम्ही बाहेर उभे होतो, गावही उभं होतं. मला वाटलं आता फुटेल बांध. आता एकेक जण येईल. मी दारातून वाट सोडून बाजूला सुद्धा झाले.

कुणी आलं नाही. हौसाबाई रोज जायची, एकटी. लोक म्हणायला लागले, मुलाच्या दुःखानं तिला भ्रम झालाय. संक्रांतीच्या आधी भूपालकाकांनी दुकान विकलं आणि सांगलीला गेले. सामान न्यायला त्यांनी बाहेरगावचा टेम्पो आणला होता.

पुढं सांगलीच्या कॉलेजात पद्मा मला भेटली. एकाच बाकावर बसत नव्हतो, पण बोलत होतो. एकदा वर्गात पुन्हा ‘चेंज ऑफ हार्ट’ आलं. प्राध्यापकांनी अर्थ विचारला तेव्हा मी तिच्याकडं पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. नंतर मी म्हणाले, “गावातल्या सगळ्यांना वाईट वाटतं गं, अजून तुमची आठवण काढतात.” ती म्हणाली, “मला ठाऊक आहे. तेव्हाही वाटतच होतं.” ती चिडून बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. आमच्या गावाबद्दलचं तिचं मत बदलायचा मी पुन्हा प्रयत्न केला नाही. ते मत बरोबर होतं.

आण्णांनी त्यानंतरही पत्रकं काढली, मीही लिहिती झाले आणि पत्रकांसारखंच तावातावानं लिहीत आले. पण लोकांची मतं बदलली की लेखणीचं काम संपलं, यावरचा माझा विश्वास त्या रस्त्यावर, त्या हातगाडीमागं गेला. आता गावी गेलं की तरुण पोरं म्हणतात, “छे, असलं आपल्या गावात कधी झालंच न्हाई.” ज्यांनी पाहिलं ते बहुतेक गेले. उरलेले हो-नाही म्हणत नाहीत.

म्हणून तुम्हाला एक विनंती करते. तुमच्या गल्लीत, भावकीत, कचेरीत असं एखादं माणूस असेलच, ज्याच्याशी सगळ्यांनी मिळून बोलणं टाकलं आहे आणि ज्याची चूक नव्हती हे आता सगळ्यांना आतून कळलेलं आहे. सगळे एकत्र येण्याची वाट पाहू नका. पुस्तक इथंच मिटा, चपला घाला आणि त्याच्याकडं जा. कुणी बरोबर येत नसेल तर एकटे जा. आत बोलावलं नाही तर दारातच सांगा, पण दिवसाउजेडी, शेजारपाजारच्यांना दिसेल असे जा.